पालींची हजेरी

"तीनच," मी म्हणालो.

"चौथी बाळंतपणाला माहेरी गेली असेल," माझ्या हाताखालचा नरसिंह म्हणाला आणि नारळ खवत राहिला.

मी हसलो नाही. लग्नाच्या कार्यालयातल्या त्या स्वयंपाकघरात एकूण चार पाली, आणि चौथी भिंतीवर नव्हती. म्हणजे ती हुळीत, आमच्या सांबारात, होती. हे गणित माझ्याखेरीज कोणालाच पटत नाही. खरं तर मलाही पटत नाही. पण पटणं वेगळं आणि हात थांबणं वेगळं. सहाशे माणसांच्या हुळीचा तळ मी सातव्यांदा डावाने ढवळला. भोपळा, डाळ, भोपळा, मिरची. मग कढीपत्त्याचं एक पान शेपटीसारखं वाकडं होऊन वर आलं आणि मी मालकांकडे वळलो.

"भट्रे, पाल नाही ना पडली?"

सुब्राय भट, म्हणजेच भट्रे, आमचे मालक. उडुपीत आणि आसपास लग्नामुंजीचा स्वयंपाक कडक सोवळ्यात करून देतात. उंची पाच फूट, आवाज सात फूट. हंड्याकडे न बघताच ते म्हणाले, "नाही रे पद्दू. नाही पडली."

हे उत्तर मला साधारण चार मिनिटं पुरतं.

चाखून बघायची सोय नाही. नैवेद्याआधी आमच्यात चाखत नाहीत, मीठसुद्धा वासावरून ओळखायचं. आणि आचारी जेवतो सगळ्यांच्या शेवटी. म्हणजे हुळीत विष असेल तर ते मला कळणार सहाशे माणसं गेल्यावर. पूर्वजांनी माझी फार पद्धतशीर कोंडी करून ठेवली आहे.

मग मी हात धुतो. डाव धरला की धुतो, डाव ठेवला की धुतो. हात सोललेल्या सुरणासारखे झाले आहेत. या हातांवर भट्रेंना ऑर्डरी मिळतात. गिऱ्हाईक आलं की ते त्याला थेट माझ्यापाशी आणतात. "पद्दू, हात दाखव! बघा, याला म्हणतात सोवळं. दिवसातून साठ वेळा धुतो. कलियुगात सापडेल का असा माणूस?" एका वधूपित्याने तर मला वाकून नमस्कार केला. मग मला पायही धुवावे लागले.

मागच्या महिन्यात याच कार्यालयात एका मुंजीला मी दोनशे माणसांची हुळी ओतून दिली. मुद्दाम. भिंतीवर तेव्हा चारही पाली हजर होत्या, पण पाचवी असली तर, असं माझ्या डोक्यात आलं. सगळ्यांना वाटलं हंडा घसरला. पाय भाजला, तेव्हा भट्रेंनी स्वतः खाली बसून त्याला लोणी लावलं. पंगत नुसत्या सारावर जेवली.

पाय दाखवायला मणिपालच्या इस्पितळात गेलो. त्वचेच्या डॉक्टरांनी पाय सोडून हातच बघितले आणि मला वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथे डॉक्टर शेणै नावाच्या बाई होत्या. त्यांनी तासभर विचारलं, मी पालींसकट सगळं सांगितलं.

"याला ओसीडी म्हणतात," त्या म्हणाल्या. "मंत्रचळ."

"नाही हो, हे सोवळं आहे. आमचे भट्रे म्हणतात."

"सोवळं पाळलं की माणसाला बरं वाटतं. तुम्हाला वाटतं?"

मी विचार केला. "चार मिनिटं."

त्यांनी ते लिहून घेतलं.

गोळ्या मिळाल्या आणि अभ्यासही मिळाला. पाली मोजायच्या नाहीत. तळ ढवळायचा नाही. कोणाला विचारायचं नाही. आणि तोंडातून गेलंच, तर समोरच्याने उत्तर द्यायचं नाही.

"समोरचा म्हणजे मालकच. त्यांना सांगायलाच हवं का?"

"ते तुम्ही ठरवायचं. सक्ती नाही. पण तुम्ही विचारणार, ते उत्तर देणार, आणि गोळीने एकटीने काय काय करायचं?"

तीन आठवडे मी ठरवत होतो. दिवाळीनंतर भट्रे मला मुख्य आचारी करणार होते. पोट बिघडलेला आचारी लोक चालवून घेतात, डोकं बिघडलेला नाही. आणि उडुपीत बातमी कॉफी निवायच्या आत देवळाभोवतीच्या रथबीदीला प्रदक्षिणा घालून येते.

चार मिनिटं संपली. भिंतीवर तीनच पाली होत्या. प्रश्न परत घशाशी आला होता, पण तोंडातून भलतंच निघालं.

"भट्रे, मला आजार आहे."

"कावीळ?" ते हंड्यापासून दोन पावलं मागे सरले.

"नाही. मंत्रचळ. डॉक्टरांनी सांगितलं."

"हळू बोल, माराया!" त्यांनी नरसिंहाला केळीची पानं मोजायला बाहेर पिटाळलं. मग माझ्या हातांकडे बघत राहिले. "म्हणजे हे सोवळं नव्हे?"

"नाही."

"एकदासुद्धा नव्हतं?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही. आणि मुंजीचा हंडा घसरला नव्हता. मी ओतला."

भट्रेंची नजर हातांवरून माझ्या पायावर आली.

"मी लोणी लावलं होतं त्या पायाला," भट्रे म्हणाले.

"हो."

"घरचं लोणी."

"हो, भट्रे."

त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "मग आता मी काय करायचं?"

"मी पालीचं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच. आणि ते दिवाळीनंतरचं..."

"बघू," भट्रे म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही.

तेवढ्यात वराचे मामा आत डोकावले. "कुठायत ते तुमचे सोवळ्याचे आचारी? जरा हात तरी बघू द्या!"

"पद्दू, हात दा..." भट्रेंचा हात सवयीने माझ्याकडे वळला आणि मध्येच थांबला. "तो कामात आहे," ते म्हणाले. "तुम्ही पानावर बसा."

बाहेर नैवेद्याची घंटा झाली. नरसिंह परत येऊन हुळी बादल्यांत भरू लागला. पहिली बादली भरली, दुसरी भरली, आणि माझ्या तोंडातून गेलंच.

"भट्रे, पाल नाही ना पडली?"

भट्रेंनी तोंड उघडलं. सात फुटी आवाज ओठांपर्यंत आला असणार, कारण गळ्याची शीर फुगलेली मला दिसली. त्यांनी तोंड मिटलं. पंच्याचं टोक दातांत धरलं. नरसिंह एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला. बाहेर सहाशे माणसं गोविंदा गोविंदा करत पानांभोवती पाणी फिरवत होती.



मी नळाकडे बघितलं. मग ओल्या, हुळी लागलेल्या हातांनीच बादली उचलली आणि पंगतीकडे निघालो. दारात एकदा वळून पाहिलं. भट्रे मान वर करून भिंतीकडे बघत होते आणि त्यांचे ओठ मोजल्यासारखे हलत होते.