रांगेतून ये

वहिनींना रांगेचा भारी तिटकारा. दवाखान्यात पुढे दोन माणसं दिसली की "उद्या येते" म्हणून परत फिरायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुढे पाच असायची. तेव्हा मग डॉक्टरांवर चिडायच्या. अशी ही बाई रविवारी भर दुपारी, पायात चावणाऱ्या नव्या चपला घालून, पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या घोळक्यात एका अस्वलाला भेटायला उभी होती. सोबत ना नातवंड, ना भाचवंड. पुढचेमागचे लोक आधी त्यांच्याकडे बघत, मग त्यांच्या आसपास खाली बघत, की पोर कुठे आहे.

अस्वलाचं नाव गब्दू. पार्कात आकाशपाळणे होते, पाण्यात धाडकन कोसळणाऱ्या होड्या होत्या, पण सगळ्यात लांब रांग गब्दूची. तपकिरी केसाळ अंग, सुटलेलं पोट, एक कान किंचित खाली पडलेला. आत माणूस असतो हे मोठ्यांना माहीत असतं आणि लहानांना कुणी सांगत नाही. सव्वीस वर्षं तो आतला माणूस म्हणजे वहिनींचा नवरा. पार्कातले सगळे त्याला दादा म्हणायचे, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी. दादांना जाऊन आता सात महिने झाले होते.

आणि आज गब्दूचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून तिथे भिंतीएवढा पडदा लागणार होता. पडद्यावरचा गब्दू पोरांना नावाने हाक मारणार, त्यांच्यासोबत नाचणार, एका वेळी पन्नास जणांना भेटणार. रांग नाही, ताटकळणं नाही. दारावर तशी पाटीच लावली होती.

दोरी धरून उभ्या असलेल्या ताईंनी वहिनींना लांबूनच ओळखलं आणि धावत आल्या. रांग लावणं, मोडणाऱ्याला दटावणं आणि पाच वाजता शेवटच्या माणसामागे दोरी ओढून रांग बंद करणं, हे त्यांचं काम. दादांच्या बरोबरीने त्यांनी इथे पंधरा वर्षं काढली होती.

"अहो वहिनी, इथे काय करताय? दोन तास लागतील. मागून चला, पाच मिनिटांत भेट घालून देते."

"नको गं. मागच्या दाराने सव्वीस वर्षं आले."

"पाय दुखतील."

"दुखू देत. माझेच आहेत."

ताई वहिनींच्या दंडाला हात लावून पुन्हा दोरीपाशी गेल्या.

मागच्या दाराची गोष्ट खरी होती. वहिनी कपडे दुरुस्तीचं काम करायच्या; उसवलेलं, तोकडं झालेलं, सैल पडलेलं सगळं त्यांच्या मशीनवर यायचं. गब्दूचं अस्तरही त्यांच्याच हातचं. आतल्या बाजूला बर्फाच्या पिशव्या ठेवायला खिसे त्यांनीच शिवले होते. दर पंधरवड्याला काही ना काही उसवायचं, मग त्या सुईदोरा घेऊन मागच्या खोलीत जायच्या. तिथे गब्दूचं डोकं खुर्चीवर ठेवलेलं असायचं आणि शेजारी दादा, घामाने निथळत, तोंडाचा आ करून पंख्यासमोर. वीस मिनिटं आत, वीस मिनिटं बाहेर, असा तो दिवसभराचा खेळ. तेवढ्या वेळात बाहेर ताई पोरांना सांगायच्या की गब्दू मध खायला गेलाय.

घरी यायचे ते सुजलेले पाय घेऊन. बादलीत पाय सोडून बसायचे, अर्धा तास शब्द नाही. वहिनींना वाटायचं, आपल्या वाट्याला उरतो तो हा पिळून घेतलेला माणूस. सगळी माया तिकडे वाटून येतो आणि घरी रिकामी पिशवी. धाकट्या दिराने हार्डवेअरच्या दुकानात या म्हणून तीनदा बोलावलं होतं. सावलीत बसायचं, वर पंखा, गल्ल्यावर हात. दादा तिन्ही वेळा हसले आणि नाही म्हणाले. वहिनींनी मग तोंडाचा पट्टा सोडला. "कुणाला तुमचं तोंड माहीत नाही, नाव माहीत नाही. त्या गोधडीत जन्म घालवलात. आणि ते बावळट लोक! दोन तास उभे राहतात, कशासाठी? दीड मिनिट. मला तर घरबसल्या मिळतं अस्वल, तेही आंघोळ न केलेलं."

"तू मागच्या दाराने येतेस ना, म्हणून तुला घामट माणूस दिसतो," दादा म्हणायचे. "एकदा रांगेतून ये. मग बोल."

"माझी काय मती फिरलीय?"

सात महिन्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी कामाला निघताना, बुटाची नाडी बांधायला म्हणून दादा वाकले आणि उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. इतकी वर्षं त्या उकाड्यात काढायला नको होती. वहिनींनी ते वाक्य मनात धरून ठेवलं. रडू आलं की त्या आधी रागवायच्या, कारण रागवणं सोपं जायचं. नवरा एका चिंध्यांच्या अस्वलाने खाल्ला, असं त्या शेजारणींना सांगत. पण अंथरुणावर पडल्यावर तो एकच प्रश्न छळायचा: आपल्या माणसाचा जन्म फुकट गेला की काय? ते बघायला त्या आल्या होत्या. उद्या बघायला काही उरणार नव्हतं.

पहिला तास तर त्यांना आपलंच म्हणणं खरं वाटत होतं. ऊन होतं. कुणाचं पोर रडत होतं, कुणाचं पाणी सांडलं होतं, एका आईने पोराला धपाटा घालून मग स्वतःच डोळे पुसले. मजा म्हणून आलेल्या लोकांचे चेहरे असे असतात होय, असं वहिनींच्या मनात आलं. त्यांच्यापुढे एक चष्मेवाले गृहस्थ होते, पाचेक वर्षांच्या मुलीला घेऊन आलेले. ते दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत आणि दर पंधरा मिनिटांनी वहिनींकडे वळत.

"दीड तास झाला. एवढ्या वेळात तीन पाळणे झाले असते. परवडतं का हे, तुम्हीच सांगा."

"अजिबात नाही," वहिनी ताडकन म्हणाल्या. "शुद्ध वेडेपणा आहे."

गृहस्थांना बरं वाटलं. आपल्या मताचं माणूस भेटलं की ऊनसुद्धा कमी लागतं. पण मुलगी वहिनींकडे डोळे वटारून बघू लागली.

"मग तुम्ही का उभ्या आहात?"

वहिनींनी चपलेतून एक पाय मोकळा केला. "मला त्याला एक विचारायचंय," त्या म्हणाल्या.

"मला सांगायचंय." मुलगी बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून जवळ आली. "आमची मांजर गेली. बाबा म्हणतात हरवली. पण मला माहितीय, ती मेली. मी बाबांना सांगितलं नाही की मला माहितीय."

"का गं?"

"त्यांना वाईट वाटेल ना."

वहिनींनी गृहस्थांच्या पाठीकडे बघितलं. ते पुन्हा घड्याळ बघत होते. हे एवढंसं पोर दीड तास उन्हात ते ओझं धरून उभं आहे आणि ते ठेवायला त्याला एक अस्वल सापडलंय, हे कळल्यावर वहिनींचं शुद्ध वेडेपणाबद्दलचं मत जरा डगमगलं. त्यांनी मुलीच्या डोक्यावर आपला रुमाल धरला आणि पुढचा अर्धा तास तिच्याकडून मांजरीचं सगळं चरित्र ऐकलं. मांजर पडद्याला लोंबकळायची. साबण खायची. वहिनी सात महिन्यांत पहिल्यांदा हसल्या.

पाचला ताईंनी दोरी ओढली. वहिनींच्या मागे आणखी चार कुटुंबं होती, बाकीच्यांना हात जोडून परत पाठवलं. कुणी भांडलं, कुणी नुसतंच वळलं.

मुलीची पाळी आली. ती धावली नाही. हळूहळू चालत गेली आणि गब्दूच्या पोटात तोंड खुपसून पुटपुटत राहिली. गब्दूचे दोन्ही हात तिच्या पाठीवर आले. मिनिट झालं, दोन झाली. मागचे लोक चुळबुळायला लागले. तोंड बोलायचं थांबलं तरी मुलगी तशीच चिकटलेली. गृहस्थ ओशाळे झाले, पुढे होऊन तिचा हात धरायला गेले. ताईंनी त्यांना अडवलं.

"थांबा. ओढू नका."

"अहो, सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत. गब्दू आधी सोडत नाही. पोराने सोडायचं. इथला नियम आहे."

"कसला नियम? कुठे लिहिलाय?"

"लिहिलेला नाही. आमच्या दादांनी घालून दिलाय. या कामाला जो कुणी येईल त्याला पहिल्या दिवशी तेवढंच शिकवायचे. हात कसा हलवायचा, मान कशी डोलवायची, ते म्हणायचे ते येईल आपोआप. पण मिठी आपण सोडायची नाही. समोरच्याला किती हवीय ते आपल्याला काय माहीत?"

वहिनी ऐकत होत्या. हा नियम त्यांना कधी कुणी सांगितला नव्हता. मागच्या दाराने येणाऱ्याला तो दिसायचा तरी कसा?

मुलीने शेवटी हात काढले, नाक पुसलं आणि बाबांकडे गेली. "सांगितलं," एवढंच म्हणाली. काय सांगितलं ते गृहस्थांनी विचारलं नाही. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, मुलीला उचलून खांद्यावर घेतलं आणि घड्याळ न बघता निघून गेले.

"या वहिनी," ताई हलकेच म्हणाल्या.

आत दादा नाहीत हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. आत होती ती दादांनीच शिकवलेली एक पोरगी, जेमतेम बावीसची. दादांपेक्षा बुटकी, म्हणून गब्दूचं पोट गुडघ्यावर आलं होतं. चाल निराळी, मान डोलावणं निराळं. वहिनींचं ठरलं होतं की हात मिळवायचा, नीट बघून घ्यायचं, आणि घरी जायचं. पण गब्दूने हात पसरले, आणि वहिनींना आपण कधी पुढे गेलो ते कळलंच नाही.

केसांना साबणाचा वास होता. त्याखाली त्यांनीच शिवलेले खिसे, बर्फ वितळून ओले झालेले, त्यांच्या छातीला गार लागत होते. वहिनी रडायला लागल्या. सात महिने रागाखाली दाबून ठेवलेलं सगळं वर आलं, मोठ्याने, लाजलज्जा सोडून. गब्दूचे हात त्यांच्या पाठीवर होते. ते घट्ट झाले नाहीत की सैल झाले नाहीत. थोपटलंही नाही. नुसते होते.

ते हात त्यांना ओळखीचे वाटले.

दादा ओट्याजवळ मागून यायचे आणि धरायचे, असेच, काही न बोलता. वहिनी म्हणायच्या, सोडा, दूध उतू जाईल. सोडा, हात पिठाचे आहेत. सोडा हो, कुणी बघेल. की ते सोडायचे. आयुष्यभर वहिनींना वाटत आलं की आपला माणूस कोरडा, जेमतेम हात लावतो आणि बाजूला होतो. पण ते स्वतःहून बाजूला झालेत असं एकदा तरी झालं होतं का? वहिनींनी आठवून बघितलं. पुन्हा पुन्हा बघितलं. अख्ख्या संसारात एकदाही नाही. दर वेळी आधी त्याच सुटल्या होत्या. परक्यांची पोरं तीन-तीन मिनिटं घेऊन गेली, आणि आपल्याला किती मिळालं असतं, हे बघायला त्या कधी थांबल्याच नव्हत्या.

त्यांनी आणखी घट्ट धरलं. आज थांबायचं होतं.

मग कानाजवळ, गब्दूच्या तोंडातल्या जाळीच्या आतून, पोरीचा श्वास ऐकू आला. आखूड, घाईचा, धाप लागल्यासारखा. वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली असणार. मुलीने आणि त्यांनी मिळून ती खाल्ली होती. आतला उकाडा काय करतो ते वहिनींइतकं कुणाला माहीत होतं? तरी हात पाठीवरून हलत नव्हते. दादांनी शिकवलेली पोरगी चक्कर येऊन पडली असती, पण तिने सोडलं नसतं.

ताई पुढे आल्या नाहीत. रांगेतूनही कुणी काही म्हणालं नाही. दूध उतू जाणार नव्हतं, कुठे जायचंही नव्हतं.

"सोड गं बाळा, पुरे," असं म्हणून याही वेळी आधी वहिनींनीच हात काढले.