पुजलेला सूक्ष्मदर्शक

आठवीतल्या उत्कर्षाला सूक्ष्मदर्शकाला एकदा डोळा लावून बघायचं होतं. बस्स, एवढंच. शाळेत तो होता, पण मुख्याध्यापकांच्या खोलीत, काचेच्या कपाटात, कुलपाच्या आड. तिचे वडील चिंचोळी एमआयडीसीत फिटर. घरात पाना-पकड हाताला येईल तिथं पडलेली असायची. त्यामुळं वापरायची वस्तू कुलपात कशाला, हे काही तिला उमगत नव्हतं. विज्ञानाच्या प्रभाबाई म्हणायच्या, "प्रात्यक्षिक परीक्षेला काढणारच की. तेव्हा बघ पोटभर."

परीक्षा लागली ती नेमकी खंडेनवमीला. बाहेरचे परीक्षक गुरुसिद्धप्पा सर त्याच दिवशी मोकळे होते आणि गुण संध्याकाळच्या आत ऑनलाइन भरायचे होते.

मुख्याध्यापक वेणीमाधव सर मोठे भाविक. सकाळीच त्यांनी शाळेतली झाडून सगळी हत्यारं टेबलावर मांडली. घंटेची हातोडी, फळ्याचा कंपास, कॉम्प्युटरचा माऊस आणि मधोमध सूक्ष्मदर्शक. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचा जाडजूड हार. भिंगाला एक बोट, खालच्या आरशाला एक बोट. आरती झाली. गुरुसिद्धप्पा सर आले, त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "चला, सुरू करू."

"करा की," वेणीमाधव सर म्हणाले. "फक्त त्याला हात लावायचा नाही. आज हत्यारांची विश्रांती. पूजा दसऱ्यानंतरच हलणार."

"मग परीक्षा कशाची घेऊ?"

"सूक्ष्मदर्शकाचीच. पोरं लांबूनच करून दाखवतील. भाव महत्त्वाचा."

गुरुसिद्धप्पा सरांना अक्कलकोटची दुपारची एसटी गाठायची होती. त्यांना भाव लगेच पटला.

कीर्तनात बुवा रिकाम्या हातानं धनुष्य ओढतात आणि आपल्याला बाण सुटलेला ऐकू येतो. त्या सुखाला तोड नाही. पण म्हणून बुवांना नेमबाजीचे गुण कुणी देत नाही. इथं मात्र द्यायचे ठरले. देवाला यातलं काहीच विचारलं नव्हतं.

पहिला आला संस्थेच्या सचिवांचा दिग्विजय. त्यानं लांबून नमस्कार केला, हवेत स्क्रू फिरवला, एक डोळा मिटला.

"काय दिसतंय बाळ?"

"दह्यातले जिवाणू, सर. काडीसारखे."

"वा! हलतात का?"

"लई हलतात, सर. पोहतात."

दह्यातले ते जिवाणू पोहत नाहीत, हे प्रभाबाईंना ठाऊक होतं. त्या छताकडं बघत राहिल्या. दिग्विजयला वीसपैकी वीस मिळाले. मागचे सगळे हुशार निघाले. प्रत्येकाच्या हवेत काड्या पोहू लागल्या.

उत्कर्षाचा नंबर आला. ती टेबलाजवळ गेली. "सर, हात लावायचा न्हाय. डोळा लावला तर चालंल?"

डोळ्याबद्दल कुणी काही ठरवलं नव्हतं. वेणीमाधव सर विचारात पडले, तोवर ती हात पाठीमागं बांधून वाकलीसुद्धा. उठली तेव्हा डोळ्याभोवती कुंकवाचं कडं उमटलेलं.

"काय दिसलं?"

"अंधार हाय, सर. आरशाला कुंकू लागलंय, उजेडच वर येत न्हाय. हार आडवा आलाय. आणि खाली काच ठेवलेलीच न्हाय. दही कुटंय?"

वर्ग फिदीफिदी हसला.

"दिग्विजयला दिसलं ते तुला का दिसत नाही?"

"त्यानं डोळा कुटं लावला, सर? मी लावला की."

गुरुसिद्धप्पा सरांनी 'निरीक्षण सदोष' असं लिहून तिला तीन गुण दिले. वेणीमाधव सरांचा चेहरा कुंकवासारखा झाला. "पूजेला नावं ठेवतेस? एवढीशी पोर!"

"पूजेला न्हाय, सर. परीक्षेला."

"सर," प्रभाबाई हळूच म्हणाल्या, "पोरगी खोटं काय बोलली?"

"बाई, तुम्ही गुण भरा. ऑनलाइन बंद व्हायच्या आत भरा."

बाईंनी भरले. वीस, वीस, वीस, आणि एक तीन. दिवसभरात खरं निरीक्षण एकच झालं होतं, आणि नापास तेवढंच झालं.

पण वेणीमाधव सरांचं समाधान झालं नव्हतं. ते उत्कर्षाकडं वळले. "दसरा झाला की हे सगळं तूच पुसायचंस. भिंग, आरसा, स्क्रू. आठवडाभर, रोज मधल्या सुट्टीत. खेळायला जायचं नाही. माझ्या खोलीत बसून, एकटीनं!"

उत्कर्षानं मान खाली घातली. वर्गाला वाटलं, रडतीय.

"व्हय, सर."

दसऱ्यानंतर सरांनी स्वतःच्या हातानं कपाटाचं कुलूप काढलं आणि तिच्या मदतीला कुणी शिरू नये म्हणून दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. तिनं आधी सगळं खरोखरच लख्ख पुसलं. मग डब्यात भाकरीबरोबर आणलेल्या दह्याचा एक ठिपका कपाटातल्या काचपट्टीवर घेतला, पाण्यानं पातळ केला, आरसा खिडकीकडं वळवला आणि स्क्रू हळूहळू फिरवत गेली. आधी नुसता धुरकट उजेड. मग एकाएकी गोल थेंबच थेंब, लहानमोठे, एकमेकांना चिकटलेले, आणि मध्येच ढगासारख्या गुठळ्या. पुस्तकातल्या काड्या कुठंच नव्हत्या.

"झालं का गं पुसून?" बाहेरून सर गरजले.

"न्हाय, सर," डोळा न काढताच ती म्हणाली. "लई घाण हाय."