काचा मी फोडल्या नाहीत

मी इंजिन बोलतोय. सहाशे साठ सीसीचं, तीन सिलिंडरचं, जपानी. सध्या मुक्काम गॅरेजच्या कोपऱ्यात, एका फाटक्या टायरवर. तेल गळत नाही, धूर काढत नाही, तिन्ही सिलिंडर शाबूत आहेत. तरीही मला गाडीतून उतरवलंय. का, ते ऐका. ऐकून राग आला तर खुशाल येऊ द्या, मला तर केव्हाचा आलाय.

आमच्या घराण्याचा इतिहास म्हणजे सरकारी नियमांचा इतिहास. महायुद्धानंतर जपानात साध्या माणसाची गाडी घ्यायची ऐपत नव्हती. सरकार म्हणालं, गाडी अमुक मापात बसवा, कर कमी लावू. त्या मापात माझे आजोबा घडले, तीनशे साठ सीसीचे. त्यांच्यातले कित्येक जण पेट्रोलमध्येच तेल कालवून प्यायचे आणि मागे निळा धूर सोडत जायचे. मग धुराविरुद्ध कायदे आले आणि घराण्याला ही सवय सोडावी लागली. मर्यादा साडेपाचशेवर गेली, पुढे सहाशे साठवर. तेव्हा माझा जन्म झाला.

मर्यादा ओलांडायची नाही म्हटल्यावर इंजिनिअरांनी एकेका सीसीसाठी डोकं शिणवलं. पिस्टन लहान केले, हलके केले, म्हणजे भराभर पळतील. मोठं इंजिन जे एका दमात ओढतं ते मी दोन दमांत ओढतो, पण ओढतो. लोक मात्र सीट उचलून मला बघतात आणि हसतात. "हे काय, शिलाई मशीन?" अहो, शिलाई मशीनवर साडेतीनशे किलो काच लादून चढ चढवून दाखवा की!

हो, काच. माझा मालक काचवाला. खिडक्यांच्या, कपाटांच्या काचा कापून बसवून द्यायचा त्याचा धंदा. छोट्या व्हॅनमध्ये लाकडी घोडा, त्यावर उभ्या काचा, मध्ये जाड कापड, आणि पुढच्या सीटखाली मी. अकरा वर्षं आमचं छान चाललं होतं.

माझ्यात एक खोड आहे, ती मीच सांगतो. तीन सिलिंडरच्या इंजिनाची दोन्ही टोकं थोडी डुलतात. वेगात फिरताना ते कळत नाही, माझ्याखालच्या रबरी गाद्या ते जिरवतात. पण फार हळू फिरवलं की गाद्यांचं काही चालत नाही आणि अख्खी गाडी थरथरते. म्हणून कारखान्यानेच बांधून दिलंय: गाडी उभी असली तरी मिनिटाला साडेनऊशे फेरे. यालाच आयडलिंग म्हणतात. त्यासाठी कार्ब्युरेटरला एक छोटा स्क्रू आहे.

काचवाल्याला तो स्क्रू सापडला, तिथून माझी साडेसाती सुरू झाली. "उभ्या गाडीत एवढं कशाला गुरगुरायचं?" असं म्हणत त्याने एका सकाळी स्क्रू सैल केला. मी सहाशेवर आलो. अंगाला कंप सुटला. मी खडखडलो, धडपडलो, दोनदा बंद पडलो. इंजिनाला याहून मोठ्याने ओरडता येत नाही. त्याला वाटलं, म्हातारं झालंय.

त्याच आठवड्यात त्याला इस्पितळाच्या नव्या इमारतीचं काम मिळालं. शंभरावर खिडक्या. पहिल्या फेरीत एक काच तडकली, दुसरीत दोन. कंत्राटदाराने सांगून टाकलं, "अजून एक फुटली तर मी दुसरा माणूस बघतो."

घरच्यांची बैठक बसली, म्हणजे व्हॅनच्या उघड्या दाराशी. काचवाल्याची बायको दुकानात काच कापते आणि पोचवायला गाडीतून सोबत जाते. कापायचा हिरा फिरवताना नुसत्या आवाजावरून तिला कळतं, काच सरळ तुटणार की वाकडी.

ती म्हणाली, "अहो, चालत्या गाडीत एकदा तरी फुटलीय का? सिग्नलला उभे राहिलो की मगच टक् होतं."

"तुला इंजिनातलं काय कळतं?"

"इंजिनातलं नाही कळत. काचेतलं कळतं."

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण तिचा भाऊ मध्ये पडला. "दाजी, जीव केवढासा आणि बोजा केवढा! चार सिलिंडरचं बसवून टाका."

तिघेही गाडी घेऊन मिस्त्रीकडे आले. मिस्त्री भला माणूस. त्याने मला चालू केलं, कान दिला आणि नेमका प्रश्न विचारला, "आयडलिंगला कुणी हात लावला होता का?"

काचवाल्याने बायकोकडे पाहिलं, मेव्हण्याकडे पाहिलं.

"छे!" तो म्हणाला.

संपलं. हात लावला नाही आणि तरी एवढा थरथरतोय, म्हणजे आतूनच झिजलाय, असं मिस्त्रीने धरलं. इस्पितळाची घाई होती, उघडून बघायला वेळ नव्हता. सीटखालचा पत्रा कापून मोठं इंजिन बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

पुढच्या सगळ्या काचा सुखरूप पोचल्या. काचवाला दहा जणांना सांगत सुटला, "बघा, दोष इंजिनाचाच होता."

काल नवरा-बायको काहीतरी न्यायला गॅरेजात आले. मिस्त्रीने सुटे भाग विकण्याआधी मला टायरवरच बॅटरी आणि पेट्रोलची नळी जोडून चालू केलं, सवयीने स्क्रू नीट पिळला, आणि मी चालू लागलो. कसा? जसा अकरा वर्षं चाललो तसा, शांत! बायकोने वाकून माझ्यावर तळहात ठेवला. मग मिस्त्रीला विचारलं, "याला काय केलंत?"

"काही नाही. स्क्रू अर्धा फेरा सैल होता, तेवढाच आवळला."

ती नवऱ्याकडे वळली. बिचारा लाल झाला. मला वाटलं, आता बोलेल. गाडीत परत जायची आशा नव्हतीच, पत्रा कापलेला. पण एवढं तरी म्हणेल की मीच केलं होतं.

"चल, उशीर होतोय," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

ती थांबली. तिने पदराच्या टोकाने माझ्यावरची धूळ पुसली, तीही सगळी नाही, आणि त्याच्यामागे गेली.

उद्या मला उघडतील. तेव्हा एक कृपा करा. पिस्टन हातात घेऊन कुणी म्हणालंच, "अरे, इंजिन तर चांगलं होतं," तर ते इथे नका म्हणू. काचेच्या दुकानात जाऊन म्हणा, तो गल्ल्यावर बसलेला असेल तेव्हा.