मागची शिवण

"कापड कापायचं नाही हं, ताई. नुसतं आत दाब," धाकट्या बहिणीने तीन पँटी टेबलावर टाकल्या. "अंग भरलं की परत उसवता येतील."

"किती कमी करायच्यात?"

"चार इंच असेल. तू माप घे, मी तेवढ्यात औषधं घेऊन येते. चालेल ना हो?"

दाराशी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने मान डोलावली. टेलरबाईने ती डोलणारी मान पाहिली आणि तिच्या कपाळावर नेहमीची आठी चढली.

तीस वर्षं ती लोकांचे कपडे आतबाहेर करत होती आणि माणसांबद्दलचा उरलासुरला आदर त्यातच संपला होता. पोटं सुटायची यांची, वर 'धुण्यात आटलं हो' म्हणायचे. आटतंय कसलं, डोंबल! पण तिचा खरा राग होता तो या मेहुण्यावर. त्याने आधी तिलाच मागणी घातली होती. त्या दिवशी बाबा म्हणाले, हवा गार आहे; हा म्हणाला, हो. आई म्हणाली, उकडतंय, त्यालाही हो. "असल्या होयबाशी संसार करण्यापेक्षा मी मशीनशी बोलत बसेन," असं तिने घरात ठणकावून सांगितलं. वर्षभराने धाकटीने त्याच्याशी लग्न केलं. टेलरबाईने त्याला होयबाच ठेवलं. मत बदलावं असं त्याने कधी काही केलंच नाही.

"हात वर करा."

टेप कमरेभोवती फिरवताना हाडांना अडखळली. चार नव्हे, साडेपाच इंच.

"ताई, ते कापड कापूनच टाका," तो हळूच म्हणाला.

"आत्ता तर तिच्यापुढे मान डोलावलीत!"

"घरच्या एका पँटला तिने स्वतः टाके घातले होते. बसलं की ती घडी माकडहाडाला टोचते. मांसच उरलं नाही तिथे."

"मग बायकोला सांगा की! जन्मभर मूग गिळून बसलात, आता तरी तोंड उघडा."

त्याला राग आला नाही. रागवायलाही कणा लागतो, असं तिच्या मनात आलं.

"डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलंय," तो म्हणाला. "पण ती रोज सकाळी विचारते, आज बरं वाटतंय ना? हो म्हटलं की चहा घेते. एकदा खरं बोललो, तर दोन दिवस उपाशी राहिली."

टेलरबाईने वहीत साडेपाच इंच लिहिलं. तिला सकाळी काही विचारणारं कोणी नव्हतं. याचा तिला कालपर्यंत अभिमान होता.

दोन दिवसांनी तिने तिन्ही पँटींची मागची शिवण उसवली, बसायच्या जागेचं कापड साफ कापून काढलं आणि फक्त पट्ट्याखाली दोन बोटं कापड आत दुमडून ठेवलं, धाकटीचं बोट जाईल तेवढंच. हाताखालच्या एखादीने असली लबाडी केली असती, तर तिने तिला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

धाकटीने आल्या आल्या एक पँट उलटी करून आत बोट घातलं. "ठेवलंयस ना गं कापड?"

"हो."

"सगळं?"

"सगळं. हवं तेव्हा उसव."

"बघच तू, पुढच्या महिन्यात उसवायला आणते की नाही!"

मेहुणा आडोशाला जाऊन पँट बदलून आला आणि बाकावर बसला. जरा थांबून, अंदाज घेऊन, मग सगळा भार टाकून बसला. टेलरबाईने वर पाहिलं नाही. ती एका कोटाचं बटण लावत होती आणि सुई दोनदा बोटात गेली.

निघताना त्याने दुकानाचं जड काचेचं दार खांद्याने लोटून धरलं. धाकटी पिशवी घेऊन बाहेर पडली. तेवढ्यात मोठं गाठोडं घेतलेली एक बाई पायऱ्या चढताना दिसली. तिला वेळ लागत होता. बायको रस्त्यावरून हाक मारत होती, त्याचे पाय थरथरत होते. पण ती बाई गाठोड्यासकट आत येईपर्यंत त्याने दार सोडलं नाही.