बाण नसलेलं पान

आमच्या ऑफिसच्या दारावर पाटी आहे : विद्यार्थी सहाय्य आणि शिस्त विभाग. सहाय्य आधी, शिस्त नंतर. चोवीस वर्षं मी त्या पाटीमागच्या पहिल्या टेबलावर बसते आहे, आणि सहाय्याचं म्हणाल तर टिश्यूचा डबा आणि पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी, एवढंच काय ते माझ्या टेबलावर असतं.

माझं काम कागदांचं. एखाद्या मुलाला शाळेतून काढायचं ठरलं की शाळा फाइल पाठवते. मग मी घरच्यांना बोलावते, सात पानांचा गठ्ठा समोर ठेवते आणि पेन देते. सहीच्या प्रत्येक जागी एक पिवळा चिकट बाण लावलेला असतो. ही बाणांची युक्ती माझीच. पूर्वी लोक तासतासभर बसायचे, हे काय, ते कशाला, विचारत राहायचे. बाण आल्यापासून बारा मिनिटांत मोकळे. गोठ्यांवर कामाला असणारी माणसं, सकाळचं दूध काढून, रबरी बूट घालून तसेच आलेले असतात बिचारे, दुपारच्या पाळीला परत जायचं असतं. वाचतो कोण! बाण दिसला की सही. आमच्या हालवर्सनसाहेबांनी एकदा ख्रिसमसच्या जेवणात सगळ्यांसमोर त्याबद्दल माझं कौतुक केलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

गठ्ठ्यातलं चौथं पान खरं महत्त्वाचं. त्यावर सही केली की आम्हाला सुनावणी नको, असं पालकांनी लिहून दिल्यासारखं होतं. सुनावणीत दुसऱ्या शाळांचे तीन मुख्याध्यापक बसतात, मुलाचं ऐकून घेतात, साक्षीदारांना बोलावतात. मी तिथे टिपणं घ्यायला असते, म्हणून मला ठाऊक आहे : ज्यांची सुनावणी होते, त्यांतली निम्मी मुलं आपल्या शाळेत परत जातात. पण त्यात तीन मुख्याध्यापकांचा अख्खा दिवस मोडतो, आणि साहेबांना ते जिवावर येतं. म्हणून चौथ्या पानावरही बाण. 'ही सही ऐच्छिक आहे' असं त्या पानावर छापलेलं आहे, आणि 'एकदा केलेली सही मागे घेता येणार नाही' हेही आहे. दोन्ही अगदी तळाला, मुंगीच्या अक्षरात.

वर आणखी एक नियम. ऑफिसातल्या कोणीही पालकांना सल्ला द्यायचा नाही. माझ्या शेजारी ट्रूडी बसायची. तिने एका आईला हळूच सांगितलं, "बाई, चौथ्यावर नको करूस." ती आई बाहेर पडली आणि ट्रूडी किती देवमाणूस आहे म्हणून गावभर सांगत सुटली. आठवड्याभरात ट्रूडी गोदामात जुनी पुस्तकं मोजत होती, आणि जूनमध्ये तिची जागाच रद्द झाली. माझा नवरा जिल आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर असतो. त्याचा विमा माझ्या नोकरीतून येतो. निवृत्तीला मला दोन वर्षं आहेत. ट्रूडी गेली त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप घालून बसले आहे.

जानेवारीत एका मंगळवारी फाइल आली आणि त्यावरचं नाव मी दोनदा वाचलं. डेलिया बेतेंकूर, दहावी. सेराफिमकाकांची नात.

सेराफिमकाका आणि माझे वडील जोआकिम समुद्रापलीकडच्या एकाच बेटावरून इकडे आले, आणि एकाच गोठ्यात दोघांनी सतरा वर्षं दूध काढलं. वडील गेले तेव्हा शवपेटीला पहिला खांदा काकांचा होता. काकांची वही त्या भागात प्रसिद्ध होती. कुठली गाय कधी व्याली, कुठलं औषध दिलं, किती दूध दिलं, सगळं रकान्यात. एक रकाना रिकामा राहिला तर त्यांना झोप यायची नाही. वडील हसून म्हणायचे, "सेराफिमच्या ताटात बोटभर जागा दिसली तरी तो भाजी वाढून घेतो." डेलियाची आई नेवाडात नव्या संसारात रमली. पोरीला वाढवलं ते या म्हाताऱ्याने एकट्याने.

फाइलमध्ये लिहिलं होतं : विद्यार्थिनीजवळच्या मिरचीच्या स्प्रेचा वर्गाबाहेर वापर, सात मुलांना त्रास, वर्षभरासाठी काढून टाकण्याची शिफारस. असं झालं तर पोरीने पर्यायी शाळेत जायचं. ती शाळा जत्रेच्या मैदानामागे आहे, खिडक्यांना जाळ्या लावलेल्या दोन खोल्या. गाडी पहाटे साडेपाचला निघते. तिथून परत आलेली मुलं मी पाहिली आहेत. बरीचशी परत येतच नाहीत.

शुक्रवारची दहाची वेळ दिली. त्या सकाळी धुकं एवढं दाट होतं की शाळेच्या बसेस दोन तास उशिरा सोडल्या होत्या. मी आठलाच पोचले, गठ्ठा काढला, बाण लावले. मग कितीतरी वेळ चौथ्या पानाकडे बघत बसले. आणि नखाने हळूच त्यावरचा बाण सोडवला. एवढंच. कोणाला सल्ला दिला नाही, नियम मोडला नाही. बाण आल्यापासून बाण नसलेल्या पानावर कोणी सही केलेली नव्हती. फाइल सुनावणीला जाईल, साहेब म्हणतील ओडी विसरली, आणि मी म्हणेन, हो हो, विसरले. मला स्वतःचा अभिमान वाटला. आता आठवलं की लाज वाटते.

काका टोपी हातात घेऊन आले. एक्क्याऐंशीचे, पण शर्टाची इस्त्री कडक. बरोबर गोड पावाचा मोठा गोळा कागदात गुंडाळलेला.

"घे पोरी, जिलला दे. तुझ्या लुईझाकाकूच्या हातचा नाही आता, बेकरीतला आहे. किती वाळलीस गं!"

मी अठ्ठावन्नची, आणि मला पोरी म्हणणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही. डेलिया मागून आली. शेतीच्या वर्गाचं निळं जाकीट घातलेलं, डोळे सुजलेले. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब. "ओडी, हायवेवर ट्रक आडवा झालाय, काही दिसत नाही. वीस मिनिटं तरी लागतील. तू सह्या उरकून घे. बाण लावलेस ना?"

"लावलेत," मी म्हटलं. सहा पानांवर लावलेले होतेच की.

वीस मिनिटं. खोलीत आम्ही तिघंच, दार बंद. एवढी मोकळीक मला कधी मिळाली नव्हती.

"चूक माझी आहे, ओदिलिया," काका सांगू लागले. "ते स्प्रेचं नळकांडं मीच दिलं हिला. कालव्याच्या रस्त्यावर कुत्री मोकाट असतात. धुक्यात बस कधी येईल त्याचा नेम नाही. अर्धा अर्धा तास एकटी उभी असते. म्हटलं, हातात काहीतरी असू दे."

"आजोबा, पण मी मारलंच नाही ना ते!" डेलिया उसळली. "माझ्या वर्गातल्या टॅटमने बॅगेतून काढलं. तिला वाटलं सेंट आहे. तिने दाबलं!"

"तू गप. बॅग कोणाची? तुझी. नळकांडं कोणाचं? माझं. झालं तर मग."

"टॅटमला विचारा म्हणावं की! कोणी विचारतच नाही. मुख्याध्यापक म्हणाले, फाइल वर गेली. इथे हिला विचारलं तर ही म्हणेल, माझं काम नाही."

ही म्हणजे मी. आणि मी खरंच तेच म्हणाले, "बाळा, ते माझ्या हातात नाही गं."

टॅटमला विचारायची जागा म्हणजे सुनावणी. वाक्य जिभेवर तयार होतं, 'काका, चौथं पान कोरं सोडा.' पाच शब्द. पण काका साधे. रविवारी चर्चबाहेर ते दहा जणांना सांगणार, आमच्या ओदिलियाने पोरीला वाचवलं. मला ट्रूडी दिसली, आणि सुया टोचून टोचून काळानिळा झालेला जिलचा हात दिसला. मी वाक्य गिळलं. म्हटलं, बाण काढलाय ना, पुरे आहे तेवढं.

"पिपोकाचं काय होणार?" डेलियाने एकदम विचारलं. पिपोका म्हणजे तिची कालवड, शाळेच्या गोठ्यात असते. एवढीशी असल्यापासून तिने बाटलीने वाढवलेली.

"काढून टाकलेल्या मुलांना कुठल्याच शाळेच्या आवारात जाता येत नाही," मी म्हटलं. हे सांगायला परवानगी आहे.

"मी येईन तिला चारा घालायला," काका म्हणाले. "उगी. दे पोरी ते पेन."

त्यांनी खिशातून चष्मा काढला. पहिलं पान. बाण शोधला, पूर्ण नाव लिहिलं, सेराफिम एव्हारिस्तो बेतेंकूर, खाली तारीख. दुसरं. तिसरं. चौथं पान आलं. काकांनी नजर वरून खाली फिरवली, बाण दिसला नाही, पान उलटलं. पाचवं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. सहावं, सातवं. पेन खाली ठेवलं. मी गठ्ठा घ्यायला हात पुढे केला.

"थांब जरा."

त्यांनी गठ्ठा पुन्हा ओढून घेतला, अंगठा ओला केला आणि पहिल्यापासून एकेक पान चाळायला लागले. वहीचं पान भरून झालं की नेहमी तसंच करायचे. चौथ्यावर अंगठा थांबला.

"हे बघ, एक राहिलंच की!" ते हसले. "बाण लावायला विसरलीस तू. जोआकिमची पोर आणि विसरभोळी!"

"काका, ते..."

दार उघडलं. साहेब आत आले, कोट ओला, चेहरा प्रसन्न. "सॉरी, सॉरी. काय धुकं आहे हो! झालं का सगळं?"

"एकच राहिलंय," काका म्हणाले.

"ते पान... लागेलच असं नाही," माझ्या तोंडून निघालं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. "म्हणजे, ओडी?"

"म्हणजे... ऐच्छिक आहे असं लिहिलंय त्यावर."

"बरोबर आहे, ऐच्छिकच आहे," साहेब काकांना गोडीने म्हणाले. "तुमची मर्जी, मिस्टर बेतेंकूर. केलीत तर आजच्या आज सगळं मिटेल."

"आजोबा, काय आहे ते वाचा तरी," डेलिया म्हणाली. ती मान वाकडी करून उलटी अक्षरं लावत होती. "सुनावणी का काहीतरी आहे. वाचा ना!"

"रिकामं कशाला सोडायचं? उद्या म्हणतील, म्हाताऱ्याने अर्धवट काम केलं, आणि त्याचा त्रास तुलाच." त्यांनी पेन उचललं. "आणि वाचायचं काय त्यात? ओदिलियाने केलेत कागद. घरचीच आहे ती."

मी बोलले नाही. साहेब माझ्यापासून दोन हातांवर उभे होते आणि मी बोलले नाही. काकांनी पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकही अक्षर न गाळता, खाली तारीख घातली आणि गठ्ठा दोन्ही हातांनी माझ्यापुढे केला. मी सातही पानांवर शिक्का मारला. ते माझं कामच आहे.

साहेबांनी काकांशी हात मिळवला, डेलियाला म्हणाले, "एकच तर वर्ष, धीर धर," आणि आपल्या खोलीत गेले. काका पिकअप दारापाशी आणायला निघाले. जाता जाता वळून म्हणाले, "पाव जरा गरम करून खा गं, लोणी लावून."

डेलिया मागे राहिली. माझ्या टेबलाच्या कडेला, सकाळी मी काढलेला तो बाण चिकटलेला होता. तिचं लक्ष त्याच्यावर कधीपासून होतं कोण जाणे. तिने तो नखाने उचलला.

"हा त्याच पानावरचा ना? तुम्ही काढला होतात."

मी होकारार्थी मान डोलावली.

"मग तुम्हाला माहीत होतं."

मला रडू फुटत होतं, पण टिश्यूचा डबा पालकांसाठी असतो. "बाळा, मला सांगता येत नाही. तसा नियमच..."

"त्यांनी तुमच्याकडे बघून सही केली," ती म्हणाली. "कागदाकडे बघून नाही." बाण तिने परत होता तिथेच चिकटवला आणि बाहेर धुक्यात गेली. पिकअपचं दार लागल्याचा आवाज आला, मग काही नाही.

"ओडी," साहेबांनी आतून हाक मारली. "चौथ्यावर बाण नव्हता वाटतं?"

"विसरले, साहेब."

"असू दे. पुढच्या वेळी लक्ष ठेव."

एक वाजता एका मुलाची आई यायची होती. मी नवा गठ्ठा पुढ्यात घेतला आणि बाण लावत गेले. एक, दोन, तीन. चौथ्या पानासाठी टेबलाच्या कडेचा तोच बाण काढला. दोनदा निघाल्यामुळे तो नीट चिकटेना. मी त्यावर अंगठा दाबून धरला, चिकटेपर्यंत.