नसिएकूने न सांगितलेली शिकार

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात प्राणी डोळ्यांनी सापडतात असं पाहुण्यांना वाटतं. खरं तर ते रेडिओवर सापडतात. ज्याला आधी दिसेल त्याने सगळ्यांना कळवायचं, हा सफारीच्या गाडीवाल्यांचा कायदा. जो लपवेल त्याला पुढे कुणी काही कळवत नाही. मग त्याने पाहुण्यांना गवत दाखवत फिरावं. नसिएकू या कामात नवीन होती. तिने आजवर दाखवलेला प्रत्येक सिंह दुसऱ्याच्या मेहेरबानीचा होता.

त्या सकाळी मात्र चित्तीण आधी तिलाच दिसली. सोबत तीन बछडी, पोटं खपाटीला गेलेली. आदल्या दिवशी चित्तिणीने दबा धरला की कुणाची तरी गाडी मध्ये घुसायची आणि हरणं पसार व्हायची. शिवाय गाड्यांचा घोळका दिसला की तरसं शिकार पळवायला वास न घेताच हजर होतात; इतकी वर्षं बघून तीही शहाणी झाली आहेत.

नसिएकूने माईक उचलला आणि तसाच धरून बसली. मागे म्हातारं जर्मन जोडपं दुर्बिणी लावून गप्प होतं.

"नसिएकू, कुठे गडप झालीस? काही दिसलं का?" रेडिओवर परमुआतकाका होते, सगळ्या गाडीवाल्यांत जुने. बाईमाणूस गाडी खड्ड्यात घालेल असं बाकीचे म्हणत होते, तेव्हा तिच्या बाजूने बोलले ते हेच.

"नाही काका. गवतच गवत."

"मग गवत तरी नीट दाखव. पैसे भरून आलेत बिचारे."

खोटं बोलल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. पण समोर चित्तीण पोटावर सरकू लागली होती. थोड्याच वेळात धूळ उडाली, आणि धूळ बसली तेव्हा हरिणाचा गळा तिच्या जबड्यात होता. बछडी धावत आली.

ती खात असतानाच मागून गाडी आली. परमुआतकाकांची. त्यांनी नसिएकूच्या शेजारी गाडी लावली, समोर पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"हे गवत होय?"

"कालपासून उपाशी आहेत, काका."

"मला दिसतंय." त्यांनी माईक उचलला, बछड्यांकडे बघून परत खाली ठेवला. "यांचं खाऊन होईपर्यंत मी काही बोलणार नाही. झालं की सगळ्यांना सांगणार. चित्तीण कुठे आहे तेही, आणि तू लपवलंस तेही."

"सांगा."

"मला बरं वाटत नाही हे करताना."

"ठाऊक आहे, काका."

बछड्यांची पोटं टम्म झाल्यावर काकांनी माईक उचलला आणि म्हटल्याप्रमाणे सगळं सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. पलीकडून कुणीतरी शिवी हासडली, कुणीतरी हसलं.

दुपारी जर्मन म्हातारीला सिंह बघायचे होते. नसिएकूने रेडिओवर विचारलं. पुन्हा विचारलं. दूर टेकडीच्या पायथ्याशी सात-आठ गाड्या एका झाडाभोवती उभ्या दिसत होत्या, त्यात परमुआतकाकांचीही होती.

"रेडिओ बिघडला का हा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही," नसिएकू म्हणाली, "चालू आहे," आणि तिला न कळवलेल्या त्या झाडाकडे न जाता तिने गाडी नदीकडे वळवली.