मानाचं ताट

उकडलेलं बीट पुन्हा सुरीखालून निसटलं आणि टेबलावरून गडगडत कोपऱ्यात गेलं. नुरजातने ते उचललं, पुसलं आणि ओस्मोनकुल आजोबांसमोर ठेवलं.

नारिन शहरातल्या दवाखान्यातली ही खोली दुपारनंतर गार पडायची. पक्षाघाताने लुळे पडलेले हात परत रोजच्या कामाला लावणं हे नुरजातचं काम, आणि खरं सांगायचं तर सकाळपासून तिचेच हात गळून गेले होते.

"बाबा, जोर लावा ना," शेजारी उभा असलेला त्यांचा मुलगा तलांत म्हणाला. "शनिवारी काकांकडे सगळं गणगोत जमणार. मेंढ्याचं मुंडकं मानाचं, ते थोरला म्हणून तुमच्याच पुढ्यात येणार. निदान रीतीपुरता कान तरी कापून पोरांच्या हातावर ठेवायला नको?"

"कानच कापायचा तर तुझा कापतो. जवळ आहे," आजोबा जड जिभेने म्हणाले.

नुरजातला हसू आलं, पण हसायचाही तिला कंटाळा आला होता. सुरीचं हे सगळं तलांतनेच ठरवलं होतं. पहिल्या दिवशी तिने आजोबांना विचारलं, उत्तर तलांतने दिलं, आणि बाहेर रांग होती म्हणून तिने ते चालवून घेतलं. तेव्हापासून पालथ्या घड्यावर पाणी ओतणं चाललं होतं.

तिने सुरी बाजूला ठेवली.

"आजोबा, हे राहू दे. तुम्हाला काय करता यायला हवंय?"

"त्यांना काय विचारता, मी सांगतो ना..."

"तुम्ही जरा गप्प बसता का?" ती तलांतला म्हणाली. आवाज चढवण्याइतकं त्राणही तिच्यात नव्हतं.

आजोबांनी डाव्या हाताने बीट बाजूला सारलं.

"ताट," ते म्हणाले. "मुंडक्याचं ताट उचलायचंय. उचलून सागिनबायला द्यायचंय. माझ्या पाठचा भाऊ तोच."

तलांतचा चेहरा उतरला. ताट धाकट्या काकाकडे गेलं की थोरल्या घराचा मानही त्याच्यामागे जाणार होता.

"म्हणजे आपल्याच हाताने मान घालवायचा? तुम्ही नुसते बसा. मी शेजारी बसून कापेन. लोक समजून घेतील."

"घेतील रे. पुढच्या वेळीही घेतील. मग कधीतरी कुणीतरी 'राहू द्या, आजोबा' म्हणत ताट उचलून नेईल." त्यांना धाप लागली. "नेण्याआधी मला द्यायचंय. देता येतंय तोवर."

नुरजातला स्वतःचा राग आला. एवढे दिवस ती भलत्याच गोष्टीमागे लागली होती. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि एक मोठं ताट आणि पिठाची पिशवी घेऊन आली. पिशवी ताटात ठेवून तिने आजोबांच्या लुळ्या उजव्या हाताची बोटं एकेक करून कडेखाली वळवली.

"भार डाव्या हातावर घ्या. उजव्याने नुसता आधार."

"आणि सागिनबाय कुठंय? भिंतीला देऊ?"

तलांत नाइलाजाने समोरच्या खुर्चीत बसला.

ताट उचललं तसं कललं आणि पिशवी नुरजातच्या मांडीवर आली. तिने पीठ झटकलं आणि पिशवी परत ताटात ठेवली. दुसऱ्या खेपेला ताट हललं, थरथरलं, पण टेबलावरून सरकत समोरच्या बाजूला पोचलं. तलांतने एक हात पुढे केला.

"दोन्ही हातांनी घे," आजोबा खेकसले. "मान काय असा घेतात?"

त्याने दोन्ही हात पुढे केले. आजोबांचा डावा हात सुटला. उजव्या हाताची बोटं कडेवरून निघायला वेळ लागला. तोवर ताट दोघांनीही धरलेलं होतं.

"घे," आजोबा म्हणाले. "आता तू काप."

ते शब्द सागिनबायसाठी होते, सरावापुरते. आजोबांनी मान मागे टेकली.

"ठेव खाली. पुन्हा करू."

नुरजातने ताट घ्यायला हात पुढे केला. तलांत मान खाली घालून बसला होता, आणि ताट काही त्याच्या हातून सुटत नव्हतं.